निरगुडीच्या पाल्यासाठी ठरलेला माझा सत्कार रद्द होणेबाबत

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
गोंदिया

विषय : १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात आपल्या हस्ते होणारा माझा सत्कार रद्द करणेबाबत.
संदर्भ : नवजागृती युवक मंडळ, मुर्री यांची निमंत्रण पत्रिका.

महोदय,

मी, योगेश्वरी धनलाल टेंभरे, मुर्री येथील रहिवासी असून नागपूर येथील एका प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थिनी आहे. निरगुडीच्या पाल्यातून वेगळ्या केलेल्या एका घटकामुळे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये डेंग्यूच्या विषाणूची वाढ कमी झाली, इतकेच माझे काम आहे. मात्रा थोडी वाढवली की त्या पेशीच मरतात. माणसाला अद्याप एक थेंबही दिलेला नाही. परंतु "मुर्रीच्या कन्येने शोधले डेंग्यूचे औषध" अशी बातमी छापून आली आणि मंडळाने माझ्या फोटोचा फलक चौकात लावला.

तेव्हापासून आमच्या अंगणात तापाचे रुग्ण येतात. गावालगतच्या निरगुडीला पान उरलेले नाही. माझे वडील पाला उकळून पाणी तांब्याने वाटतात. मी विरोध केला असता ते म्हणाले, "पेपरात का खोटं छापून येते का?" त्यांचा आनंद पाहून मी गप्प राहिले, हे नमूद करताना लाज वाटते.

गेल्या महिन्यात शेजारच्या निर्मलाबाई मेंढे यांची सून अंजू तापाने फणफणली. तिला दवाखान्यात न्या, असे मी विनवले. निर्मलाबाई म्हणाल्या, "घराजवळच दवा हाये, तं दवाखान्यात कायले जाऊन राहू?" वडिलांनी दिलेले पाणी त्या तिला पाजत राहिल्या. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आले आणि अंजू न्हाणीत कोसळली. मी ऑटो आणून तिला सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी विचारले, "इतका उशीर काऊन केला?" सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

सलाईन व डॉक्टरांच्या देखरेखीमुळे अंजू वाचली. घरी येताच निर्मलाबाईंनी आमच्या दारात नारळ फोडला. "बाई, तुह्याच पाल्यानं पोरगी वाचली," असे म्हणून त्या माझ्या पाया पडल्या. खरे काय ते मी सांगितले. त्यावर त्या हसल्या व लोकांना म्हणाल्या, "पाहा, शिकली तरी गर्व नाही." दुसऱ्या दिवशी अंगणात दुप्पट लोक होते. मंडळाने त्याच संध्याकाळी सत्काराचा ठराव केला.

महोदय, जिच्या नावामुळे एक बाई मरणाच्या दारात पोहोचली, तिला त्याबद्दल शाल-श्रीफळ मिळणार आहे. फलक काढण्याची विनंती मंडळाने विनय समजून नाकारली. माझ्या बोलण्यावर गावाचा विश्वास राहिलेला नाही. आपल्या बोलण्यावर आहे.

तरी सत्कार रद्द करून, निरगुडीचे पाणी हे औषध नाही व ताप येताच रुग्णालयात जावे, असे आपण स्वतः माईकवरून सांगावे, ही विनंती. नंतर मला मंचावर बोलवावे. आपण म्हणालात ते खरे आहे, एवढे मी सर्वांसमोर सांगेन.

हा अर्ज वडिलांना न विचारता केला आहे. ते पहिल्या रांगेत बसणार आहेत. शक्य असल्यास त्यांचे नाव घेऊ नये.

आपली नम्र व खजील,
योगेश्वरी धनलाल टेंभरे
मु. मुर्री, ता. जि. गोंदिया
दि. ६ ऑगस्ट २०१३

सोबत : मनुष्यासाठी औषध तयार झालेले नसल्याबाबत माझ्या मार्गदर्शकांचे पत्र.