इंजिनाला पाणी पाजण्याबद्दल

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा नमस्कार. तुमचे गुडघे बरे असावेत. वहिनींची प्रकृती उत्तमच असणार, कारण त्या तुमचा सल्ला घेत नाहीत. मीही घ्यायला नको होता, हे आता कळतंय. इकडे सगळे खुशाल आहेत. (हे वाक्य पत्रात घालावं लागतं म्हणून घातलं. हिने माझ्याशी परवापासून बोलणं टाकलंय, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांना सर्दी झालीय आणि माझा उजवा खांदा इंजिनाची दोरी ओढून ओढून कानाच्या पातळीला आलाय. बाकी खुशाल.)

तुम्ही पाठवलेलं पार्सल मिळालं. त्याबद्दल आभार मानायचे की जाब विचारायचा, ते पत्र संपेपर्यंत ठरवतो. पण पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या कानावर हिच्याकडून दुसरीच हकीकत गेलेली असणार.

आमचे सासरेबुवा तुम्हाला माहीतच आहेत. नदीवर तीस वर्षं होडी चालवून माणसं या काठावरून त्या काठावर नेणारा माणूस. पूल झाला आणि होडी बंद पडली. तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत, आणि गेले चार महिने तर खिडकीतल्या खुर्चीवरून उठलेले नाहीत. जेवायला वाढलं तर जेवतात, विचारलं तर मान हलवतात, बोलत मात्र नाहीत. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, त्यांना कशात तरी गुंतवा. मी बुद्धिबळाचा पट आणून ठेवला. त्यांनी त्यावर चष्मा ठेवला. शेवटी हिलाच सुचलं, की होडीचं इंजिन जिन्याखाली गोणपाटात बांधून पडलंय, ते चालू करून दाखवू या. ‘करू या’ म्हणजे अर्थात मी.

दादा, मी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले. अर्ध्या शहराला पाणी कुठून कुठे जातं, हे मला झोपेत विचारा. पण होडीच्या इंजिनाला स्वतःचं पाणी नसतं, ते ज्या नदीत चालतं तिचंच पाणी खालून ओढून घेतं आणि थंड राहतं, हे मला कोणी सांगितलं होतं? मोटारीचं काम करणारा मेकॅनिक बोलावला. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. त्याने इंजिन अंगणातल्या सुताराच्या ठोकळ्यावर आवळून बसवलं, दोनदा दोरी ओढली, आणि ते असं काही गरजलं की समोरच्या वायरीवरचे कावळे उडाले. मेकॅनिक म्हणाला, “चालतंय की!” एवढ्यात खिडकीतून सासरेबुवांचा आवाज आला. चार महिन्यांनंतरचा पहिला शब्द. “पाणी! पाणी!”

ही आनंदाने वेडी झाली. बाबा बोलले, बाबांना तहान लागली! धावत जाऊन तिने भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीतून नेम धरून इंजिनावर ओतला. निम्मं इंजिनावर, निम्मं माझ्यावर. तोवर जळक्या रबराचा वास सुटला होता. पाणी ओढणारी आतली रबरी चक्री कोरडी फिरून करपली होती. मेकॅनिक म्हणाला, हे आपल्या लाइनीतलं नाही, आणि निघून गेला. सासरेबुवा पुन्हा गप्प झाले. फरक एवढाच, की आता ते रागाने गप्प होते.

मग तुम्हाला फोन केला, कारण होडीचे सुटे भाग तुमच्याकडच्या बंदरावरच मिळतात, आणि तुमचं पार्सल आलं. नवी चक्री आली, ती मी नकाशावर बसवावी तशी अचूक बसवली. (हे कोणी बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच लिहितो.) पण दादा, त्याच्यासोबत ज्या दोन रबरी वाट्या होत्या, मधे कमानीसारखी पट्टी असलेल्या, त्यांच्याबरोबर दोन ओळींची चिठ्ठी टाकायला तुमचं काय जात होतं? आवाज भयंकर असतो हे मी अनुभवलेलंच होतं. मी त्या कानांना लावल्या. एका वाटीला बाहेर नळी जोडायचं तोंड होतं, ते हवा जायला असेल असं वाटलं. तसाच मी अंगणात दहा मिनिटं उभा होतो. शेवटी सासरेबुवांनी वरून खूण केली, आधी माझ्या कानांकडे बोट, मग इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या पायाकडे, आणि मग कपाळाला हात. तेव्हा उलगडा झाला, की वाट्या इंजिनाच्या पायातल्या पाणी ओढायच्या भोकांवर बसवायच्या आणि नळी नळाला जोडायची. यात माझी चूक काय?

नळ वर, स्वयंपाकघरात. इंजिन खाली, अंगणात. ही नळापाशी, मी इंजिनापाशी. इंजिन सुरू झालं, बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार आली. (ही धार आली म्हणजे पाणी आत फिरतंय. धार थांबली की इंजिन ताबडतोब बंद, हे तुम्ही फोनवर सांगितलं होतं, ते मी मान्य करतो.) पाच मिनिटं सगळं सुरळीत. मग तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई आंघोळीला बसल्या. टाकी एकच, दाब पडला, करंगळीएवढी धार सुतळीएवढी झाली. मी ओरडलो, “वाढव!” हिला ऐकू आलं “बंद कर!” तिने नळ बंद केला. मी ओरडलो, “अगं, बंद का केलास?” हिला पुन्हा फक्त ‘बंद’ ऐकू आलं. तिने नळ आणखी आवळला. इंजिनातून वाफ निघाली, वाट्या सुटून उडाल्या, आणि मी कसंबसं बटण दाबलं. त्यानंतर जिन्यात जे संभाषण झालं ते लिहीत नाही. त्यात माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीचा उल्लेख सात वेळा आला.

परवा मी नळाचा नादच सोडला. लाँड्रीवाल्याकडून मोठं निळं पिंप आणलं, ठोकळ्याच्या मागे ठेवलं, इंजिनाचा पाय त्यात बुडवला आणि बावीस बादल्या पाणी भरलं. आता नळ नाही, बायको नाही, गाणं नाही. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. धार अशी सरळ, की मला स्वतःचा अभिमान वाटला. तेवढ्यात न्यायाधीशसाहेब आवाजाबद्दलचा लेखी तक्रार अर्ज घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांना वाट द्यायला मी सरकलो आणि माझं कोपर गिअरच्या दांड्याला लागलं. दादा, पिंपात बुडवायच्या आधी खालचा पंखा काढून ठेवायचा असतो, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. पंखा फिरला. बावीस बादल्यांचं पाणी एका दमात पिंपातून उठलं आणि न्यायाधीशसाहेबांवर आलं. माणूस डोक्यापासून वहाणांपर्यंत ओला. अर्जावरची शाई वाहून त्यांच्या बाहीवर उतरली. त्यांनी कोरा झालेला कागद डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, “यात मी बरंच काही लिहिलं होतं.”

मी इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत वरून हसू ऐकू आलं. सासरेबुवा खिडकीची चौकट धरून, खोकत, डोळे पुसत हसत होते. मग खिडकी रिकामी झाली. मग जिन्यावर पावलं वाजली. चौदा पायऱ्या, दादा. मी मोजल्या, कारण मला हलता येत नव्हतं. खाली येऊन त्यांनी आधारासाठी न्यायाधीशसाहेबांचा ओला खांदा धरला, मला पाना आणायला सांगितलं, पंखा स्वतः काढला, पिंप पुन्हा भरवून घेतलं (बावीस बादल्या, वरच्या नळावरून, मीच) आणि दोरी एकदाच ओढली. इंजिन लागलं. त्यांनी धारेखाली बोट धरलं. “कोमट,” म्हणाले. “अशीच पाहिजे. गार असली तर इंजिन अजून जागं झालं नाही, चटका बसला तर ते मरायला टेकलंय.” आणि मग बोलतच राहिले. कुठल्या पुरात कोणाला पार नेलं, कुठल्या बाईचं बाळंतपण मधल्या धारेत झालं, सगळं. पण कोणाला सांगत होते? न्यायाधीशसाहेबांना! साहेब शिंकत शिंकत ऐकत होते, त्यांनीही धारेखाली बोट धरलं होतं. चार महिने ज्याने यासाठी जिवाचं रान केलं त्याच्याकडे सासरेबुवांनी एकदाच पाहिलं. म्हणाले, “जावईबापू, तुम्ही पाणीपुरवठ्यातच होतात ना?”

ही जिन्यात उभी राहून रडत होती. मीही काही फार कोरडा नव्हतो. जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, “अहो, वरचा नळ चालूच राहिलाय.” स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं. तेव्हापासून तिचा अबोला आहे. असो. वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा

ता. क. – येत्या रविवारी होडी पाण्यात टाकायची ठरली आहे. मी पुढे बसून तोल सांभाळायचा, असं सासरेबुवांनी जाहीर केलंय. दादा, माझं लग्न ठरताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, मुलाला पोहता येतं का? तेव्हा माझ्या वतीने तुम्ही उत्तर दिलं होतं, “मासाच तो!” अठ्ठावीस वर्षं मी हे निभावलंय. कृपया शनिवारच्या आत माझ्या मापाचं एक लाइफ जॅकेट पाठवावं. पार्सलवर ‘इंजिनाचे सुटे भाग’ असं लिहावं. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच होतं.

ता. क. दुसरा – लिफाफा चिकटवायच्या आधी सासरेबुवांनी पत्र मागितलं. (“एवढं काय लिहिताय?”) त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, “पोरीला सांगू नका. दोन मागवा.”