वाकडी की जाखाई?

१२ मार्च, बुधवार
नदीवरून भांडण! नवा पूल झाला, पण पाटीवर तिचं नाव कुठलं? आमच्या काठाला ती वाकडी, पलीकडे जाखाई. वर घाटात ओझर म्हणतात म्हणे, आणि खाली समुद्राजवळ नुसतीच खाडी. बांधकाम खात्याचे साहेब म्हणतात - दोन्ही गावांनी मिळून एक नाव कळवा. मिळून!!
आणि माझं लग्न ठरलंय पलीकडे. माझे आप्पा आमच्या गावचे पुढारी, नितेशचे बाबा त्यांच्या. व्याही-व्याहीच जुंपलेत.

१६ मार्च
दोन्ही गावांनी आपापल्या देवीला कौल लावला. आमच्या देवीचं उजवं फूल पडलं, म्हणजे होकार - वाकडी. तिकडेही उजवंच पडलं - जाखाई! देव्याच माघार घेईनात, तिथे आप्पा काय घेणार.

१७ मार्च
नितेशचा फोन - "आमच्यात सुनेचं नाव बदलतात. बाबांनी जान्हवी काढलंय." म्हणजे मलाही नदीच करणार! लग्नात ताटातल्या तांदळावर तो अंगठीने लिहिणार. वर म्हणतो, "तांदळातलंच तर नाव, दिशा!" ठेवला फोन.
मला दिशाच राहायचंय. लॅबमध्ये रिपोर्टखाली रोज तेच लिहिते मी. आई म्हणते, "रीतच हाय ती, बाय." झालं!

३० मार्च, पाडवा
बैठक पुलाच्या मधोमध, म्हणजे कुणाच्याच गावात नाही. आप्पा गरजले - "काठ बदलला म्हणून नाव काय बदलायचं? जन्माचं नाव हाय तिचं!"
मी चहा देत होते. तोंडातून निघूनच गेलं - "मग माझं पण बदलू नका."
नितेशचे बाबा म्हणाले, "पोरी, नदीचं येगळं, सुनेचं येगळं." वर्षाकाकी, म्हणजे नितेशची आई, मूळच्या आमच्याच काठच्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या की खोकल्या, कळलं नाही.

२ एप्रिल
तोडगा निघाला. पुलाच्या या टोकाला वाकडी, त्या टोकाला जाखाई. दोघे व्याही एका बाइकवरून जागा बघून आले! नदीला दोन नावं चालतात, मला एकच हवंय तर सगळ्यांना जड जातंय.
जेवताना आप्पा ताटात बघत म्हणाले, "तुझ्या नावाचं बोललो मी व्याह्यांशी. ऐकत नाय तो." बोलले तरी! रडूच आलं मला.

८ मे
उद्या लग्न. नितेशला बजावलंय - जान्हवी लिहिलंस तर भर मांडवात ताट उलटं करीन.
"करशील तू," म्हणाला. घाबरलाय. बरं झालं.

९ मे
लिहिलं त्याने - दिशा! मामंजींचा चेहरा बघवेना. ते तोंड उघडणार तेवढ्यात वर्षाकाकींनी दुसरं ताट मागवलं, तांदूळ पसरले आणि बोटाने लिहिलं - तुळसा. "ह्ये माजं. म्हायेरचं."
मामंजींनी दोनदा वाचलं. मग हळूच म्हणून पाहिलं, "तुळसा?"
काकींनी ओ दिली.