दयाळाचं गाणं आणि आत्याचं मेतकूट

तीर्थरूप सरलाआत्यास,

झाशीहून चैतन्यचा, पाठीत उसण भरल्यामुळे अर्धाच वाकून, पण मनापासून पूर्ण नमस्कार. ग्वाल्हेरच्या उकाड्यात तुझे गुडघे तरी तुझं ऐकतात का? इकडे सगळे मजेत, आणि उर्वी हो म्हणाली. (आधी खाली बस, मग पुढचं वाच.)

आत्या, तुझे उपकार कुठं फेडू? बायोडाट्यात तू ‘गायनाची उत्तम जाण’ असं ठोकून दिलंस. (मला आरतीला शंख देतात, म्हणजे तोंड गुंतून राहतं, हे तुला ठाऊक असून.) ही लक्ष्मी गेटची उर्वी लक्ष्मी तालाच्या तळ्यावर दयाळ पक्ष्यांचा अभ्यास करते. नराचं गाणं मादीला त्याच्याबद्दल खरं सांगतं की थापा मारतं, हा तिचा विषय. उपाशी, आजारी नराला फार वेळ गाणं झेपत नाही, म्हणून त्यात लबाडी अवघड, असं तिला वाटतं. पण नक्की ठरायला अजून पुष्कळ ऐकावं लागेल म्हणते. तर तिच्याकडची मंडळी तिला घेऊन आमच्या दतिया गेटच्या घरी आली. रीतीप्रमाणे मुलीला गायला सांगायच्या आत तीच म्हणाली, "पहले आप सुनाइए, चैतन्यजी."

गायलो. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, तिसरी आठवेना. शेजारच्या चाचींनी खिडकीतून विचारलं, भैया, तबियत तो ठीक है? स्थळ गेल्यात जमा होतं, आणि मुलगी मला फार आवडली होती गं, रडूच यायचं बाकी होतं. तोंड लपवायला स्वयंपाकघरात शिरलो, तू सुट्टीत शिकवलेला मऊभात टाकला, वर तूप आणि तुझं मेतकूट. उर्वीने दोनदा वाढून घेतला. गाणं वाईट होतं पण लबाड नव्हतं, असं म्हणून होकार देऊन गेली. तू मला पातेल्यापाशी उभं केलं नसतंस तर आज मी शंखच फुंकत बसलो असतो.

तुझा,
चैतन्य

ता. क. मेतकूट कुणी केलं असं तिने विचारलं, तेव्हा ‘मीच’ असं तोंडून निघून गेलं. पुढच्या महिन्यात ती शिकायला येते आहे. कृती ताबडतोब कळव, कुठली डाळ किती भाजायची त्यासकट.

ता. क. दुसरा. उर्वी आत्ताच आली आणि वरचं सगळं वाचलं. बायोडाट्याबरोबर तू तिच्या घरी मेतकुटाची बरणी धाडली होतीस, हे मला का नाही सांगितलंस? तिने चव पहिल्याच घासाला ओळखली होती. म्हणते, ज्याचं खोटं एका घासात कळतं, त्याच्याशी लग्न करायला कसला डर? तेव्हा कृती पाठवू नकोस. तूच ये. डाळी आम्ही दोघं भाजतो.