लिफ्टमधले सत्यकथन

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कागद अजून लिफ्टमध्ये आहे! पूर्ण एक दिवस झाला. कुणी फाडला नाही, कुणी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. एकोणीस मजल्यांची माणसे त्या कागदासमोर उभी राहतात आणि दृष्टी मजल्यांच्या आकड्यांवर स्थिर ठेवतात. ही योगसाधना स्तुत्य होय.

घटनेची नोंद करून ठेवतो. रविवारी सकाळी रहिवासी संघाचे अध्यक्ष नामगुंग यांनी आमचे पहारेकरी योमकाका, वय अडुसष्ट, यांना कचऱ्याच्या शेडपुढे गुडघ्यांवर बसवले. अपराध काय? अध्यक्षांच्या घरी किमचीच्या लोणच्यासाठी आलेली खारवलेल्या कोबीची खोकी वर कळवायची राहून गेली, दोन दिवस चौकीत पडून होती आणि कोबी नासला. "गुडघे टेक! टेक म्हणतो ना!" सुका कचरा टाकायला आलेले आम्ही अकरा जण हातात पुठ्ठे आणि रिकाम्या बाटल्या धरून उभे होतो. अकरावा प्रस्तुत लेखक. कुणी बोलले नाही. मीही नाही. पाचेक मिनिटांनी काका उठले आणि माझ्या हातातले पुठ्ठे घेऊन योग्य त्या पिंपात टाकले.

सोमवारी शाळेतून आल्यावर शाई घोटली. अस्मादिक गेली सव्वीस वर्षे मुलांना चिनी अक्षरे शिकवत आहेत. मुलांना त्यांची गरज उरलेली नाही, परंतु हात अद्याप कुंचल्यावर बसलेला आहे. नऊ ओळी लिहिल्या, त्याही सर्वांना वाचता येणाऱ्या लिपीत. विशेषण एकही नाही! दिनांक, वेळ, स्थळ, दोघांची पूर्ण नावे, कृती. खाली माझी सही आणि घराचा क्रमांक. कागद लिफ्टमध्ये डकवला.

सौ. म्हणाली, "काल तोंड उघडलं नाहीत, आणि आज दौत उघडलीत?"

 तिला विषयाचे गांभीर्य कळत नाही, असे म्हणालो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कागदाचे छायाचित्र शहरभर फिरते आहे. आंतरजालावरच्या गृहिणींच्या एका समूहावर त्याला चारशेहून अधिक प्रतिक्रिया! "काय वळण आहे अक्षराला!" "माझ्या मुलाला शिकवतील का हे?" मजकुराकडे एकीचेच लक्ष गेले. तिने विचारले, "हा पहारेकरी कुठल्या इमारतीतला?" दुसरीने तत्परतेने सांगितले.

सत्याचा प्रसार हस्ताक्षराच्या खांद्यावर बसून होतो आहे. चालेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पोलिसांचे पत्र. तक्रारदार नामगुंग. अब्रुनुकसानी. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी राज्यसंस्थेने आमच्या अस्तित्वाची दखल घेतली! सौ.ने पत्र दोनदा वाचले आणि शीतकपाटाच्या दारावर, वीजबिलाशेजारी लावले.

१ डिसेंबर, सोमवार

ठाण्यात गेलो. तपास अधिकारी तिशीतली मुलगी. प्रथम वाक्य: "मेंग सर, ओळखलंत? तुम्ही मला दोनदा नापास केलं होतं." न्याय विलंबाने येतो, परंतु येतो.

मी छातीठोकपणे सांगितले की कागदावरचे प्रत्येक अक्षर सत्य आहे, आणि साक्षीला दहा माणसे आहेत.

"खरं आहे हे नामगुंगांनाही मान्य आहे, सर. म्हणूनच तर हे कलम लागलं. खोटं असतं तर याच्यापुढचं, जास्त शिक्षेचं लागलं असतं."

"म्हणजे या देशात सत्य हा गुन्हा आहे?"

"चारचौघांत सांगून कुणाची अब्रू गेली, तर आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दंड. केवळ लोकहितासाठी सांगितलं असेल तर सुटका." तिने बोटे कळफलकावर ठेवली. "लोकहितासाठी लिहिलंत का?"

"अर्थात," मी म्हणालो. परंतु उच्चार किंचित विलंबाने झाला. तिने मान वर केली, काही टंकले नाही.

तडजोडीची अट अशी: त्याच लिफ्टमध्ये, त्याच कुंचल्याने लिहिलेले क्षमापत्र. मग नामगुंग तक्रार मागे घेतील.

कदापि नाही!

२ डिसेंबर, मंगळवार

मुख्याध्यापक: "लिहून टाका हो क्षमापत्र, मेंग सर. शिक्षा झाली तर शाळेलाही कारवाई करावी लागेल. आणि नाहीतरी तुमचं अक्षर सुंदरच आहे."

उभा देश सुलेखनाचा भोक्ता झाला आहे.

७ डिसेंबर, रविवार

दुपारी योमकाका घरी आले. संत्र्यांची पिशवी घेऊन. बूट काढले, पण आत येईनात, उंबऱ्याशीच उभे. माझा समज असा की आभार मानायला आले असावेत. विनयाचे दोन शब्दही मनात जुळवून ठेवले होते.

म्हणाले, "सर, तो कागद काढू का?"

मी थक्क.

"इमारतीच्या कार्यालयाचा शिक्का नसलेला कागद काढणं माझंच काम आहे. पण त्यावर तुमची सही आहे. तुम्हाला न विचारता कसा काढू? म्हणून आलो."

"अध्यक्षांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही. ते काढ म्हणाले होते पहिल्याच दिवशी. मी ऐकलं नाही."

"मग आता का?"

काका आपल्या मोज्यांकडे पाहत राहिले. "निदान माझं नाव तरी काढा, सर. त्यांचं राहू द्या."

तेव्हा अस्मादिकांनी त्यांना सांगितले की नावावाचून सत्य निराधार असते. की तुमच्यासारख्यांनी असे कच खाल्ल्यामुळेच नामगुंग निपजतात. की हा लढा तुमचाच आहे. बहुधा दहा मिनिटे बोललो. उत्तम बोललो. वर्गात इतके चांगले बोलणे कित्येक वर्षांत झाले नव्हते. काका मधून मधून "हो सर, हो सर" म्हणत होते. मग वाकून नमस्कार केला आणि गेले.

सौ. आतून: "ते काहीतरी विचारत होते."

"मी उत्तर दिलं."

"तुम्ही भाषण दिलंत."

मनस्वी चीड आली. ज्याच्यासाठी लढावे त्यालाच लढा नको! भयाने माणसाचा कणा किती लवचीक होतो! तीन-तीन महिन्यांच्या करारावर जगणाऱ्यांकडून दुसरे काय अपेक्षावे? संत्री गोड आहेत. सौ. खात नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

कागद आहे. काकांनी काढला नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

विजय! प्रांतातल्या एका वृत्तपत्राचा बातमीदार काल फाटकाशी येऊन गेला, आणि आज नामगुंगांनी तक्रार मागे घेतली. अध्यक्षपदाचाही राजीनामा, "प्रकृतिअस्वास्थ्यास्तव". तपास अधिकारीण दूरध्वनीवर म्हणाली, "सुटलात, सर." तळलेली कोंबडी आणि तांदळाची दारू मागवली. ते दहा साक्षीदार आता लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करतात. सातव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "आम्हीही बोलणारच होतो, सर." शौर्य हा संसर्गजन्य रोग आहे, मात्र त्याची लागण धोका टळल्यावर होते.

आता तरी कागद काढावा, असे सौ. म्हणते. मी म्हणालो, इतिहास असा गुंडाळून ठेवता येत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

चौकीत नवा माणूस. विचारले तर म्हणाला, "आधीचे काका? त्यांनी आपणहून सोडली म्हणे." करार महिनाअखेरपर्यंत होता, तो रहिवासी संघाने वाढवूनही दिला होता. मग सोडली का? कुणाला ठाऊक नाही. कुणी विचारले नाही. त्यांच्या घराचा पत्ताही माझ्यापाशी नाही. त्यांना मुले किती, हेही नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

पोलीस ठाण्यातून पुन्हा दूरध्वनी, तीच अधिकारीण. नवी तक्रार, तोच कागद, तेच कलम. मी हसलो. म्हणालो, "नामगुंगांना चैन पडत नाही वाटतं?"

"नामगुंग नाही, सर. योम."

मी म्हणालो, त्यांच्यावर कुणीतरी दबाव आणला असणार.

"एकटेच आले होते. दोन बस बदलून. त्यांच्या मुलीला तिच्या कामाच्या ठिकाणी कुणीतरी कागदाचा तो फोटो दाखवला." मग तिने त्यांचा जबाब वाचून दाखवला. फार मोठा नव्हता.

"सरांनी लिहिलं ते सगळं खरं आहे. मी ते घरी सांगितलं नव्हतं."