ठमीची रवानगी

महाड, ता. ९ जुलै १९५७

चि. दत्तूस गोदाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मला फ्ल्यूने गाठले आहे. पण त्याहून जास्त ताप आळीने दिला. ठमी माझ्या तोंडाला तोंड लावून झोपते. माझे दुखणे तिला लागू नये म्हणून तिला खोलीबाहेर ठेवली, तर सगळे हसले. डॉक्टरसुद्धा! माणसाची माणसाला लागण होते, मग मुक्या जिवाने काय पाप केले?

परवाच्या पत्रात तू सर्व खुशाल असल्याचे लिहिलेस, म्हणून उमरठच्या भागोजीबरोबर तिला करंडीतून तुझ्याकडे पोलादपूरला पाठवते आहे. मांजराला असलं काय होत नाय, असे तोही म्हणाला. त्याला चांगलाच झापला. हे गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच जीव आहे रे. जपा तिला.

राग आळीवर आहे, लोभ तुम्हां सर्वांवर.
गोदाताई

पोलादपूर, ता. १३ जुलै

ती. गं. भा. ताईस दत्तूचा शि. सा. न. वि. वि.

ठमी पोचली. भागोजीचे दोन्ही हात ओरबाडले आहेत. लिहायला संकोच वाटतो, पण ठमी कालपासून शिंकते, दुधाला तोंड लावत नाही. आली ती थेट अंबिकेच्या पांघरुणात शिरली, आणि अंबिका पंधरवडाभर तापाने पडून आहे. खोकला छातीत उतरला आहे. तुला काळजी नको म्हणून खुशाल लिहिले. पत्रात तसे लिहितातच ना? तू मांजर धाडशील हे स्वप्नातही नव्हते. वन्संची ठमी माझ्यामुळे गेली तर तोंड कसे दाखवू, म्हणून अंबिका सारखी रडते.

रागावलीस तरी माया पातळ करू नये.
दत्तू

महाड, ता. १५ जुलै

चि. दत्तूस,

आशीर्वाद मागाहून. खुशाल म्हणे! साऱ्या आळीशी भांडून मी ठमीला तापातून काढली आणि तापातच नेऊन घातली, ती तुझ्या त्या एका शब्दावर. तेही गिळले असते. पण मांजराची शिंक तू लगेच कळवलीस आणि बायकोचा छातीतला खोकला पंधरवडाभर पोटात ठेवलास? ठमी शिंकली नसती तर मला कधी कळवणार होतास, सांग!

माझा ताप उतरला आहे. पाय लटपटतात, पण पेज शिजवता येते. उद्याच्या एस.टी.ने येते.

अंबिकेला म्हणावे, रडू नको. ठमी गेली तर मी तुझ्याशी जन्मभर भांडेन. पण तुलाच काही झाले तर कोणाशी भांडू?

आणि दत्तू, ठमीला अंबिकेच्या कुशीतून हलवू नकोस. आता दोघींना एकच ताप आहे.

तुझी संतापलेली,
ताई