गंगावनाची सांधणी

आई,

पाडव्याच्या मिरवणुकीत मी अडीच तास ढोल वाजवला आणि माझी वेणी सुटली नाही. या वाक्यातली एकही गोष्ट तुला पटायची नाही, हे मला माहीत आहे. तू गेलीस तेव्हा माझे केस कानाखाली उतरत नव्हते, आणि ढोल तर आपल्या येवल्यात पुरुषांनीच वाजवायचा. आता इकडे नाशकात पथकांमध्ये पोरींची संख्या पोरांच्या बरोबरीने असते. माझ्या वयाच्या बायका बहुतेक झांज घेतात किंवा ध्वज धरतात. मी बावन्नाव्या वर्षी कमरेला ढोल बांधला. तुझे जावई म्हणाले, "पाठ गेली तर मला सांगू नकोस." पाठ गेली नाही. पण तुला सांगायचंय ते ढोलाचं नाही, वेणीचं आहे, आणि त्यासाठी मला आठवीतल्या गॅदरिंगपर्यंत मागे जावं लागेल. तो विषय तू कधी काढू दिला नाहीस. आता तुला अडवता येत नाही, तेव्हा ऐक.

माझे केस मुळातच पातळ, त्यात अकराव्या वर्षी टायफॉइड झाला आणि उरलेलेही गेले. परत आले ते असे, की वेणी घातली तर शेपटाला रबरबँडसुद्धा धरेना. तुझे मात्र गुडघ्यापर्यंत. गल्लीतल्या बाकी बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ पिशवीत साठवायच्या आणि केसवाली आली की तिला देऊन सुया, पिना, फुगे घ्यायच्या. तू कधी दिलं नाहीस. मला वाटायचं, तुला त्या बाईशी घासाघीस करायचा कंटाळा आहे. दोन वर्षं तू ते गुंतवळ धुऊन, सोडवून, एकेक केस सरळ करून ठेवत होतीस, आणि आठवीच्या दिवाळीत माझ्या पुढ्यात एक गंगावन ठेवलंस. हातभर लांब, वरच्या टोकाला काळ्या रेशमाने गुंडाळलेलं. त्या वर्षी मला फ्रॉक मिळाला नाही म्हणून मी फुगले होते. ते गंगावन पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला. तुझेच केस माझ्या पाठीवर येणार होते.

गॅदरिंगच्या सकाळी तू मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलंस. स्टोव्हवर चहा उतू जात होता आणि तू उठायला तयार नव्हतीस, कारण एका हातात माझे केस होते. "डोकं हलवू नको. लय हलवतीस." मी हलवत नव्हते, तूच ओढत होतीस. शेवटी मागावरचा उरलेला रेशमी धागा घेऊन तू वर घट्ट बांधलंस आणि पाठीत एक चापट मारलीस, म्हणजे झालं, ऊठ. मी शाळेपर्यंत मान ताठ ठेवून चालले. तिथे वर्गातली एक मुलगी म्हणाली, लाल रिबिनी सगळ्यांनी मुळाशी बांधायच्या ठरल्यात, तुझी खाली का? मी पडद्यामागे गेले, तुझा धागा सोडला, रिबीन आत घातली आणि माझ्या हाताने परत बांधलं. लेझीम सुरू झालं. तिसऱ्या चालीला खाली वाकून उठायचं होतं. मी उठले आणि गंगावन उठलं नाही. ते स्टेजवर पडलं होतं, लाल रिबिनीसकट, आणि मागच्या बाकांवरून पोरं ओरडत होती, "साप! साप!"

घरी येऊन मी काय केलं ते तुला आठवतच असेल. गंगावन तुझ्या अंगावर फेकलं आणि किंचाळले, "तुझी गाठ सुटली! तुझ्यामुळे झालं!" आई, तू तेव्हा सगळ्या गल्लीच्या मागांवर सांधणी करायला, नवे धागे जुन्यांना जोडायला, जायचीस. तुझ्या हातचं सुटत नाही, ही तुझी ओळख होती. तू खाली वाकून गंगावन उचललंस, त्यात अडकलेला धागा बोटांत धरून उजेडाकडे नेलास आणि नीट पाहिलास. मग म्हणालीस, "आधी आपल्या हातानं बांधायला शीक, मग दुसऱ्याच्या गाठीला नाव ठेव." ते गंगावन ट्रंकेत गेलं. पुढे महिनाभर शेजारणी तुला चिडवत होत्या, की मागावरचं टिकतं आणि पोरीच्या डोक्यावरचं टिकत नाही, आणि तू हसून सोडून देत होतीस. धागा मी सोडला होता, हे मी तुला त्या दिवशी सांगितलं नाही, तू गेलीस तोवरच्या पंधरा-वीस वर्षांतही नाही. गंमत म्हणजे सांगायची गरजच नव्हती. हजारो धागे हाताळणाऱ्या बाईला आपली गाठ आणि पोरीची गाठ यांतला फरक कळला नसेल, असं होणारच नाही. तू ओळखलं होतंस. ओळखूनही गल्लीसमोर तू ते स्वतःवर घेतलंस, आणि मला त्याचा फार राग येतो. एक थोबाडीत मारली असतीस तर मी मोकळी झाले असते.

त्यानंतर मी केस वाढवलेच नाहीत. लग्नात अंबाडा विकतचा लावला. सातपूरच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागले तेव्हा टोपीखाली आखूड केस बरे पडतात, म्हणून सगळ्यांनी मला शहाणी ठरवलं. खरं कारण कोणाला सांगायचं? केस विंचरायला बसलं की मला "साप! साप!" ऐकू यायचं. पथकात गेल्यावर दोन वर्षांत ते खांद्याला टेकले, तेही सरावाच्या गडबडीत कापायला सवड मिळाली नाही म्हणून.

यंदा पथकाच्या मुलींनी ठरवलं की पाडव्याला सगळ्यांनी नऊवार नेसायची आणि कमरेपर्यंत लांब वेणी. पथकाची प्रमुख माझ्या मुलीच्या वयाची आहे. शिट्टी तिच्या गळ्यात असते आणि ती सगळ्यांना एकाच आवाजात झापते. ती म्हणाली, "पार्लरवाली येणारे, सगळ्यांना एक्स्टेन्शन लावून देईल." मग माझ्या डोक्याकडे बघून आवाज मऊ केला. "काकू, तुम्ही फेटा बांधा ना. तुमच्या केसांना क्लिप नाय धरायची. मध्येच पडलं तर वाईट दिसेल." पोरगी चांगल्या मनाने बोलत होती. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली. मी म्हणाले, "मी वेणी घालून येईन. माझी मी." "तुम्ही स्वतः? घरी?" "का, मला हात नाहीत?" ती म्हणाली, "बघा हं काकू, तुम्ही पहिल्या रांगेत आहात." झालं. बोलून बसले होते, आता करून दाखवणं भाग होतं.

तुझं गंगावन असतं तर प्रश्नच नव्हता. येवल्याला फोन केला तर वहिनी म्हणाली, "ते जुनं केसांचं? अहो ताई, ते मी केव्हाच केसवालीला दिलं. दोन वाट्या आल्या." चांगल्या जड आहेत म्हणे. मी फोन ठेवला. मग मेन रोडला जाऊन नायलॉनचं घेऊन आले. दुकानदार म्हणाला, कितीही धुवा, चमक जात नाही. नको तेवढी चमक होती त्याला. शिवाय ते काळंभोर आणि माझे मेंदीने तांबूस झालेले. पंधरा दिवस मी रोज कामावरून आले की बाथरूमच्या आरशात पाठ करून, हातात दुसरा आरसा धरून झगडत होते. तुझे जावई बाहेरून विचारायचे, "आत आहेस की गेलीस वाहून?" मोबाईलवर पाहून सगळं करून बघितलं. क्लिपा लावल्या, त्या केसांसकट निघाल्या. रबर बांधलं, निसटलं. मुळाशी घट्ट गाठ मारली, तर नायलॉन इतकं गुळगुळीत की दोन उड्या मारल्या की गाठ घसरत शेपटावर यायची. हो, उड्या मारूनच पाहायचे मी. खालच्या मजल्यावरच्या बाईने विचारलं, व्यायाम सुरू केलात का? पाडवा चार दिवसांवर आला, तेव्हा मी मनातल्या मनात फेट्याचा रंग निवडायला लागले होते.

त्या रविवारी देवापुढची उदबत्ती विझली आणि तिची राख पुसता पुसता माझ्या चिमटीला लागली. मी ती बोटांवर नुसती चोळत उभी राहिले. सांधणीला जाताना तू मला घेऊन जायचीस. मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आलेला असतो, त्याची टोकं तशीच ठेवलेली असतात, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका धाग्याला जोडायचा असतो. तू मांडी घालून बसली आहेस, शेजारी वाटीत राख आहे. चिमूटभर राख बोटांना लावतेस, जुना आणि नवा धागा एकत्र धरून पीळ देतेस, तो पीळ मागे वळवून दाबतेस, की पुढचा धागा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढंच. मी कंटाळून विचारते, गाठ का नाही मारत? तू हात न थांबवता म्हणतेस, "गाठ फणीत अडकती, बाई. पीळ सुरकन निघून जातो." तुला म्हणायची होती मागाची फणी, जिच्या दातांमधून प्रत्येक धागा जातो. मला घरातली उवांची फणी तेवढी ठाऊक होती. मला वाटलं, तू केसांबद्दलच बोलते आहेस. कितीतरी दिवस मी समजत होते की आई लोकांच्या मागावर बसून केस जोडते. त्या खुळ्या समजुतीमुळेच ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं असणार.

मी पाटावर बसले. आरसा पालथा घातला, कारण तू सांधताना बोटांकडे कुठे बघायचीस? गंगावनाचं वरचं टोक कापून त्याच्या बारीक बारीक बटा सुट्या केल्या. माझ्या केसांचे तीन पेड केले, दोन वळसे घातले, आणि चिमटीला राख लावून माझी एक बट आणि नायलॉनची एक बट एकत्र पिळली, पीळ मागे वळवला, दाबला, पुढचा वळसा त्याच्यावरून घट्ट घेतला. मग पुढची बट. खांदे भरून आले, मानेला रग लागली, दोनदा सगळं सोडून पुन्हा केलं. सव्वा तास लागला. पण प्रत्येक वळशाबरोबर तांबूस कमी होत काळं वाढत गेलं, आणि कुठे माझं संपलं नि कुठे विकतचं सुरू झालं ते मलाच सापडेना. उठून उड्या मारल्या. वाकले. लेझमीची तिसरी चाल, आठवत होती तशी, खाली वाकून उठले. वेणी माझ्याबरोबर उठली. मी इतक्या जोरात ओरडले की तुझे जावई दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आले.

पाडव्याच्या पहाटे पुन्हा घातली, या वेळी पाऊण तासात. आणि आई, काय सांगू तुला! रविवार कारंजावरून वळलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं दाटलेली, ताशा तडतडतोय, ढोलाचा ठोका पोटातून निघतोय, आणि माझी वेणी कमरेवर आपटतेय, प्रत्येक ठोक्याला. मला मोजून मापून वाजवायला सांगितलं होतं. मी उड्या मारल्या. पाऊण वाट झाली तोवर पार्लरवालीच्या क्लिपांनी माना टाकल्या होत्या, घामाने एकेक वेणी लोंबायला लागली होती. पाणी प्यायला थांबलो तर आमची प्रमुख स्वतःची वेणी हातात घेऊन माझ्यासमोर उभी. शिट्टी गळ्यात, डोळ्यांत पाणी. "काकू, माझी बांधून द्या ना. तुमची कशी काय राहिली?" कमरेला खोचून आणलेल्या डबीत राख होतीच. मी तिला फुटपाथच्या कडेला बसवलं, तिच्या केसांत चिमटी घातली आणि म्हणाले, "डोकं हलवू नको. लय हलवतेस." तिच्यानंतर आणखी दोघी रांगेत बसल्या. पीळ देताना मी जरा जास्तच ओढलं असेल. पण नंतर त्यांतली एकही सुटली नाही.

आता दुसऱ्याच्या गाठीला नाव ठेवायचा हक्क मी कमावला आहे, आणि तुझ्या गाठीला ठेवण्यासारखं काही नव्हतं. तुझी गाठ सुटली नाही, मी सोडली. गल्लीत उभं राहून ओरडून सांगायला हवं होतं, आता त्या शेजारणीही उरल्या नाहीत. हे पत्र येवल्याच्या पत्त्यावर टाकलं तर वहिनी उघडेल आणि वाट्यांचं वाचून वर्षभर बोलणार नाही, तेव्हा ते माझ्यापाशीच राहील.

आज चौथा दिवस आहे आणि वेणी अजून माझ्या डोक्यावर आहे. कंपनीत टोपीखाली गुंडाळून गेले. सकाळी सोडायला बसले तर पीळ घामाने आणि राखेने असे बसलेत की टोक हाताला लागेना. तुझे जावई कात्री घेऊन आले, त्यांच्यावर खेकसले. जोडायचं कसं ते मी तुझ्याकडे बघून शिकले, पण तुला सांधणी उलगडताना कधी पाहिलंच नाही. मागावर ती उलगडायची नसतेच. पथकातल्या पोरींना एक फोन केला तर दोघीतिघी येऊन तासाभरात सोडवून देतील. मी फोन केलेला नाही. डोकं भयंकर खाजतंय, आई, आणि मला ती सोडायची नाहीये.