शनिवारची गाडी

पेण,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

सौ. शीरावन्संना फ्लोराचा शालोम, वि. वि.

पोस्टमनच्या हातात माझं पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर बोलले तर तुमचे भाऊ पेपर खाली करून ऐकतात. मेसेज केला तर उत्तर आधी तेच वाचतात, कारण माझा चष्मा कधी जागेवर नसतो. आणि ही गोष्ट त्यांच्याबद्दलचीच आहे.

रामवाडीची माझ्या बाबांची जागा रस्त्यात गेली, तिचे पैसे माझ्या खात्यात जमा झाले. मी म्हटलं वरचा मजला चढवू. तुमच्या भावाच्या मनात निघाली गाडी! तीही नवी नाही, तुमच्या रोह्याच्या तामारची. तिचे यजमान जहाजावर इंजिनियर होते तेव्हा त्यांनी घेतलेली, साठ सालानंतरची विलायती गाडी, दोनच दारं आणि हे एवढं लांब नाक. म्हणे अशा गाड्या लांबलांबच्या प्रवासासाठी, आरामात आणि वेगात जायला बनवायचे. आम्ही लांबात लांब जातो ते अलिबागला.

आता यजमान गेले, डिसेंबरात हनुक्काचा सण झाला की तामार लेकीकडे इस्रायलला कायमची चालली, म्हणून गाडी विकायचीय. मागते बारा लाख. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजारात दोनदा मागे फिरणारा माणूस म्हणतो, घेऊन टाकू. आणि बघायला जातात ते नेमके शनिवारी. पाच शनिवार झाले. वन्सं, शनिवार म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी तामार पैशाचं बोलत नाही, इंजिनाला हात लावत नाही, हे अख्ख्या रोह्याला माहीत आहे. मग भावही करायचा नाही आणि गाडी चालूही करायची नाही, तर तिथे तीन तास बघतात काय?

विचारलं तर म्हणाले, गाडी. एकतीस वर्षं झाली, आमच्याकडे बोलणं म्हणजे मीठ कमी आहे आणि पंखा वाढव.

तुम्ही गावातच आहात. एकदा जाऊन बघा आणि त्या गाडीची वाजवी किंमत काय ते मला कळवा. किंमत वाजवी असेल तर माझं काही म्हणणं नाही. आरोनभावजींना शालोम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
फ्लोरा

रोहे,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. फ्लोराला शीराचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं. वाचून आधी हसले आणि मग दार लावून पुन्हा वाचलं.

आता लपवण्यात काय अर्थ? तुझं लग्न व्हायच्या आधी आईने आपल्या रूबेनसाठी तामारचं विचारलं होतं. रूबेनने तर तिच्या घरच्यांना पोपटीला बोलावलं होतं, आणि मडक्यात भाजलेली निम्मी अंडी एकट्या तिच्या पानात वाढली होती. पण तिच्या बापाला जहाजावरचा जावई आवडला. झालं, मिटलं. तू उगाच राखेत फुंकर मारू नकोस.

तू सांगितलंस म्हणून बुधवारी गेले. गाडी ओसरीच्या बाजूला पत्र्याखाली उभी असते. दुधावरच्या सायीसारखा रंग, आत लाल कातडी बैठक. बाई, बघितल्यावर माझाही जीव जरा जळला, खोटं कशाला सांगू. आमच्या ह्यांनी तीस वर्षं धाटावच्या कंपनीत शिफ्ट केल्या आणि मला स्कूटरच्या मागेच बसवलं. किंमत कशी ठरवायची ते मला कळत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, टायर दाबून बघ. दाबले. टायरसारखे लागले.

मग मी आपली सवयीने घासाघीस केली, की बारा फार होतात. तर तामार हसून म्हणाली, बारा बाहेरच्याला गो, रूबेनला हवी तर सहाला नेऊदे. एका वाक्यात तुझे सहा लाख वाचवले बघ! आता तरी खूश हो, आणि ह्या उपकारापोटी पेणचे पोह्याचे पापड पाठव.

आशीर्वाद आहेतच, पापडांवर अवलंबून नाहीत.

तुझी,
शीरा

पेण,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

सौ. शीरावन्संना फ्लोराचा शालोम, वि. वि.

पापड पाठवले आहेत, पण खूश झाले नाही. तुमचं पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. सहा? निम्मी किंमत? का म्हणून?

मी दोन दिवस विचार केला आहे, तोच मांडते. यांनी बारा मोजले तर जास्तीचे पैसे गाडीचे नाहीत, तिचे आहेत. तिने सहाला दिली तर कमी केलेले पैसे यांच्यासाठी आहेत. निम्मी अंडी त्या वेळी यांनी वाढली, आता निम्मी किंमत ती वाढते! दोन्हीकडून जळते ती मीच. गाडीची जी खरी किंमत असेल तेवढीच दिली-घेतली, तरच त्यात फक्त गाडी आहे असं मी मानीन.

म्हणून पुण्याला जुन्या गाड्या विकणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना कारखान्यातून फोन केला. ते म्हणाले, अशी गाडी नीट असेल तर नऊ लाख. नीट म्हणजे इंजिनावरचा नंबर कागदांतल्या नंबराशी जुळला पाहिजे, पायाखालचा पत्रा गंजलेला नको, रंग मूळचा पाहिजे. रंगाचं मला सांगायला नको. गणपतीच्या कारखान्यात इतकी वर्षं हिशेब लिहिते, दुसरा हात कुठे फिरलाय ते मला लांबून कळतं. तुम्ही दाराचं रबर नखाने उचला, खाली वेगळा रंग दिसला तर पुन्हा रंगवलेली आहे.

आणि एक महत्त्वाचं सांगितलं. गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. थंड हवं. जुनं इंजिन थंडीत कुरकुरतं, म्हणून लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच ते तापवून ठेवतो.

तर वन्सं, न सांगता जा, आणि शनिवारीच जा, हे तिथे असताना. मला भांडखोर म्हणा, पण जवळची म्हणूनच म्हणा.

तुमची,
फ्लोरा

रोहे,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. फ्लोराला शीराचे आशीर्वाद, वि. वि.

काल दुपारी गेले. आधी गाडीचं सांगते. कागद तामारने मागच्या खेपेला, त्या बुधवारीच दाखवले होते, नंबर जुळतो. खालची चटई उचलून पत्रा ठोकला, खणखणीत आहे. रबराखाली तोच सायीचा रंग निघाला, फक्त डावं दार नंतर रंगवलेलं वाटलं. तुझ्या पुण्याच्या माणसाप्रमाणे नऊला योग्य, फार तर दारापायी थोडी कमी.

आता दुसरं. लिहू की नको म्हणून सकाळपासून कागद पुढे घेऊन बसले आहे. बॉनेटवर हात ठेवला तो चटकन उचलावा लागला, इतकं गरम. फ्लोरा, शब्बाथच्या दुपारी! चाकांना ओली माती होती, म्हणजे नदीकडे जाऊन आलेले असणार.

आणि दोघं ओसरीवर चहा घेत होती. तसलं काही नव्हतं, ती या टोकाला आणि हा त्या टोकाला. पण रूबेन बोलत होता. माझा भाऊ, ज्याच्या तोंडून शब्द काढायला सांडशी लागते, तो हात हलवून आमच्या बाबांचा उधळलेला बैल सांगत होता, आणि स्वतःच्याच गोष्टीला हसत होता. मी पायरीवर उभी राहून सगळं ऐकलं. त्यातलं निम्मं मला, सख्ख्या बहिणीला, माहीत नव्हतं. मला पाहिलं आणि गप्प झाला, पंखा बंद केल्यासारखा.

खरं सांगू? मलाही वाईट वाटलं. तू शांत डोक्याने काय ते ठरव. मी तुझ्या बाजूने आहे, हे आशीर्वादाच्या जागी धर.

तुझी,
शीरा

पेण,
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

सौ. शीरावन्संना फ्लोराचा शालोम, वि. वि.

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी यांना काही विचारलेलं नाही.

फिरायला गेले त्याचा राग आला, पण तो भात शिजेपर्यंत टिकला. शब्बाथचं ते दोघं आणि त्यांचा देव बघून घेतील. पण तो बैल? एकतीस वर्षं मी त्या घरची सून आहे आणि मला बैल उधळल्याचं माहीत नाही. मी ताट वाढते, औषध देते, हिवाळ्यात पायाला तेल लावते, आणि बैल तिच्या ओसरीवर उधळतो. याचा मला मत्सर वाटतो वन्सं, सरळ शब्दांत मत्सर. तिने यांचा हात धरला असता तर मी भांडले तरी असते. यासाठी भांडू कशी?

रविवारी यांना घेऊन रोह्याला येते. पैसे माझ्या खात्यातून जातील, गाडी माझ्या नावावर होईल. तामारला फक्त तयार राहायला सांगा. आणि बाहेरच्याला सांगितलेले बारा तयार ठेवलेत, सहा नव्हे आणि नऊही नव्हे. नऊ द्यायचे तर आधी तिने सहा म्हटलेलं मला विसरता आलं पाहिजे, ते येत नाही. तिची अर्धी किंमत माझ्या अंगणात रोज उभी राहिलेली मला चालणार नाही. मूर्ख म्हणा हवं तर, पण जेवायला तुमच्याकडेच येणार आहोत.

तुमची,
फ्लोरा

पेण,
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

सौ. शीरावन्संना फ्लोराचा शालोम, वि. वि.

सुखरूप पोहोचलो. तुमच्या जेवणावर ताव मारूनही तुमचे भाऊ निघताना ताठ का होते ते तुम्हाला माहीत आहे. तामारच्या समोर मी घासाघीस न करता बारा म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलात. ती बिचारी नको नको करत राहिली. कागद घेऊन आम्ही दोघी आत गेलो तेव्हा मी तिला एकच विचारलं, की हे तुझ्याशी एवढं बोलतात काय. ती म्हणाली, मला काय ठाव गो, मी गाडी हाकते, निम्मं ऐकतपण नाय. हे ऐकून जास्तच जळले. एकीला नको असलेलं मिळत होतं.

निघालो. हे गाडी चालवत होते, मी शेजारी. वरसे गाव मागे पडलं आणि सुरुवात झाली. बारा? सहाला देत होती बाई, आणि तू बारा दिलेस? डावं दार रंगवलेलं दिसलं नाही का? नागोठण्यापर्यंत माझ्या अकलेचा उद्धार चालला होता. मग अशी फसवणूक त्यांच्या बाबांची बाजारात कशी झाली त्यावर आले, आणि तिथून, वन्सं, त्या बैलावर! बाबांना शेतात पाडून तो कसा पळाला, तुम्ही झाडावर कशा चढलात, सगळं. वडखळला चहाला थांबायचं होतं, ते बोलण्याच्या नादात मागे राहिलं. मग आपणहून तामारचं बोलले. म्हणाले, तिथे जाऊन बोलायला बरं वाटायचं, कारण तिला यांचं काहीच ठाऊक नव्हतं. मला म्हणे सगळं ठाऊकच असतं, म्हणून सांगायचं राहून जातं. मी सांगितलं की मला काहीएक ठाऊक नाही. रामवाडीला घराचं वळण आलं तरी हे वळले नाहीत. पुढे तरणखोपपर्यंत जाऊन परत आलो, कारण गोष्ट संपली नव्हती.

पुण्याच्या गृहस्थांना आज फोन करून सांगितलं, की बारा दिले. ते म्हणाले, तुम्ही फसलात. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

पुढच्या गुरुवारी, ११ तारखेला, गाडीचा मलिदा, देवाचे आभार मानायला गोड पोह्यांचं ताट, ठेवला आहे, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन. तुम्ही दोघांनी यायचंच, आणि तामारलाही घेऊन या. तिच्यावरचा माझा राग गेला आहे. मत्सर मात्र थोडा उरला आहे, तो कुठे ठेवू ते कळत नाही. मला ज्याचे बारा लाख मोजावे लागले, ते तिला आठ-नऊ शनिवार फुकट मिळालं.

आता आटोपते, बाहेर हॉर्न वाजतोय. लोभ होता तेवढा तरी ठेवा, वाढवलात तर मी घासाघीस करणार नाही.

तुमची,
फ्लोरा